तिनाच्या पाटीमागे

तीस गोळ्या मोजायच्या होत्या, भरल्या एकोणतीस. कंपाउंडरने ताटलीतला ढीग पुन्हा एकत्र केला आणि चपट्या सुरीच्या टोकाने पाच-पाचचे गट पाडत परत मोजला. आता तीस. काउंटरपलीकडची बाई मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी होती, तिला कशाचं सोयरसुतक नव्हतं. कंपाउंडरने मात्र सुरी खाली ठेवली. एकेचाळीस वर्षं तो या औषधांच्या दुकानात गोळ्या मोजत होता. प्रत्येक पुडी दोनदा मोजायची हा त्याचा नेम, आणि दुसऱ्या खेपेला आकडा बदलला असं आजवर झालं नव्हतं. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, "हा माणूस रोज सकाळी स्वतःच्या हाताची बोटं मोजून मगच घराबाहेर पडतो." आज काय झालं ते कंपाउंडरला पक्कं ठाऊक होतं. सतरावर असताना रस्त्यापलीकडच्या उंच भिंतीआडून एक आवाज आला होता. नवं कापड कुणी एका दमात लांबच लांब फाडत न्यावं, तसा. बारीक टायर सिमेंटवरून जोरात जातं तेव्हा असा आवाज होतो, आणि तो ओळखणारी माणसं आता या वस्तीत पाच-सहा उरली असतील. त्या भिंतीआड जवळजवळ चाळीस वर्षांत एक चाक फिरलं नव्हतं.

त्याने पुडी बांधून दिली, मालकाला "आलोच" म्हणाला आणि पांढऱ्या कोटासकट रस्ता ओलांडला. फाटकाची गंजकी साखळी निघाली होती. आत झुडपं तोडायचं काम चालू होतं आणि धुळीत पिवळी टोपी घालून पुतणी उभी होती. दादाची मुलगी. रस्त्यांची, पुलांची मापं घेणं हा तिचा व्यवसाय. चाळिशीची बाई, पण काकाला बघून जीभ चावली ती अगदी शाळकरी पोरीसारखी. "तुम्हाला सांगणारच होते काका. आईलासुद्धा कालच सांगितलं. ट्रॅक पुन्हा सुरू करतोय आम्ही. काम माझ्याकडे आलंय. आलं म्हणजे, मीच मागून घेतलं." तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "आत्ता सायकल कोण चालवत होतं?" ती हसली. "सायकल? अर्धा ट्रॅक अजून झाडोऱ्याखाली आहे. मांजर चालेल, सायकल कशी चालेल?" ते खरंच होतं. सिमेंटच्या भेगांतून मनगटाएवढी खोडं वर आली होती आणि लांबचं वळण तर पार हिरव्याखाली बुडालं होतं. तरी वारं नसताना त्या वळणावरची पानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने हलली आणि थांबली. कंपाउंडरने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग कोटाची बटणं लावली, उगाचच.

हा ट्रॅक नव्वद वर्षांचा. बांधणारे कुणी मोठे लोक नव्हते. भट्टीवाले, हमाल, लेथवाले, दोन कारकून आणि एक न्हावी, अशा सायकलवेड्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन, पदरचं सिमेंट आणून तो ओतला. शिकलेला इंजिनिअर त्यांच्यात औषधालाही नव्हता. वळणाचा उतार त्यांनी दोरी आणि लाकडाची चौकट लावून डोळ्यांनी ठरवला, त्यामुळे एक वळण दुसऱ्याहून अंमळ चढ निघालं. नवखा माणूस त्या चढ वळणात शिरला की त्याला भिंत अंगावर आल्यासारखी वाटे. जिंकणारे तिथेच जिंकत. इथल्या सायकलींना ब्रेक नसतो आणि चाक मोकळंही सुटत नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार, थांबतो म्हटलं तरी सायकल थांबू देत नाही. रविवारी दुपारी चार-पाच हजार माणसं कठड्याला रेलून उभी राहत. त्यांच्या खिशात शेंगा आणि तोंडात शिव्या असत. दादा त्या सगळ्यांचा लाडका. तो लेथवर काम करायचा, चोवीस वर्षांचा होता, मान आखूड आणि हसू मोठं. आणि कंपाउंडर, तेव्हा तो कंपाउंडर नव्हता, एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ होता, तो दादाचा फेरीवाला होता. फेरीवाला म्हणजे फेऱ्या मोजणारा. लोखंडी चौकटीत कड्यांना दहा पत्र्याच्या पाट्या अडकवलेल्या, दहापासून एकपर्यंत. स्वार वळणातून बाहेर पडला की वरची पाटी उचलून मागे टाकायची, खालचा आकडा उघडा पडतो. इतक्या फेऱ्या उरल्या. त्या वेगात स्वाराला श्वास घ्यायची सवड नसते, तो मोजणार कुठून? त्याने फक्त पाटी बघायची आणि तिच्यावर विश्वास टाकायचा. म्हणूनच फेरीवाला शक्यतो घरचाच माणूस ठेवायचा, अशी तिथली रीत होती.

मोकळ्या मैदानाच्या मधोमध उभं राहून पुतणी विचारत होती, "सुरुवातीची रेषा नक्की कुठे होती? नकाशा काही मिळत नाही." तो चालत गेला आणि बुटाच्या टाचेने एक जागा खरवडली. मातीखाली पांढरा रंग निघाला. "बघा!" ती म्हणाली, "आणि लोक म्हणतात, काकांना काही आठवत नाही." लोकांना असं वाटावं म्हणून काकांनी किती कष्ट घेतले होते ते तिला काय माहीत. त्यानंतर तो रोज जेवणाच्या सुट्टीत तिकडे जाऊ लागला. नाही जायचं असं रोज सकाळी ठरवायचा आणि साडेबाराला पाय आपोआप रस्ता ओलांडायचे. झुडपं निघाली, भेगा भरल्या गेल्या, पाण्याच्या फवाऱ्याने सिमेंट धुऊन निघालं. आणि मग ती रेघ दिसू लागली. धुतलेल्या ओल्या सिमेंटवर एकाच बारीक चाकाची कोरडी रेघ. ती सुरुवातीच्या रेषेपासून निघे, चढ वळणात शिरे, वर वर चढत जाई आणि वळणाच्या मध्यावर संपे. मजुरांनी एकमेकांवर आळ घेतला. मुकादमाने दम भरला. पुतणीने फीत लावून रेघ मोजली, एकदा नाही, तीनदा. ती काहीही तीनदा मोजते. "एकसष्ट मीटर," ती म्हणाली. "रोज एकसष्टच. मजा करतंय कुणीतरी." कंपाउंडरला मजा वाटली नाही. रेषेपासून एकसष्ट मीटरवर काय आहे हे सांगणारी दोनच माणसं होती. एक तो, आणि दुसरा जाडा भट्टीवाला, जो गेल्या वर्षी वारला.

भट्टीवाला दादाचा त्या दिवशीचा प्रतिस्पर्धी. दोघांचीच अंतिम शर्यत होती. एकाने इकडच्या सरळ पट्ट्यावरून सुटायचं, दुसऱ्याने समोरच्या, आणि दहा फेऱ्या एकमेकांचा पाठलाग करायचा. नवव्या फेरीअखेर दादाने रेषा ओलांडली, दोन्ही हात सोडून वर केले, बायको बसली होती त्या बाजूला मान वळवली आणि पाय सैल सोडत वळणात वर चढू लागला. एक फेरी शिल्लक होती. मागून भट्टीवाला मान खाली घालून जीव तोडून येत होता. पुढे दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि त्या सायकलला ब्रेक नसतो. रेषेपासून एकसष्ट मीटरवर तो दादावर आदळला, आणि दादा परत उठला नाही. पंचांनी कागद पाहिला, नऊ फेऱ्या. फेरीवाल्याची चौकट पाहिली, पाटी एकाची. सगळं बरोबर होतं. म्हणजे स्वार चुकला. पेपरात तसंच छापून आलं, आणि मग नात्यागोत्यात, वस्तीत, न्हाव्याच्या खुर्चीत ते वाक्य पक्कं झालं, की गडी वाघ होता, पण मोजायला कच्चा. पोरगी चार महिन्यांनी जन्मली आणि ते वाक्य ऐकत मोठी झाली. गणितात एक मार्क गेला तरी मावश्या म्हणायच्या, "बापावर गेलीय." म्हणून ती तीनदा मोजते. ट्रॅक त्यानंतर दोन हंगाम रडतखडत चालला आणि बंद पडला. भट्टीवाला लंगडत राहिला. दर महिन्याला तो पायदुखीच्या गोळ्या घ्यायला याच दुकानात यायचा आणि पुडी घेऊन निघताना दरवेळी तेच म्हणायचा, "मला थांबता आलं नाही रे. थांबता येतच नाही." आणि समोर उभा राहून, गोळ्या दोनदा मोजून देणारा माणूस दरवेळी म्हणायचा, "तुमची काही चूक नव्हती." एवढं एकच खरं वाक्य तो बोलत असे, तेही अर्धंच.

दर शुक्रवारी तो वहिनीकडे रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन जायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन, खिडकीशी खुर्ची, आणि मशीनच्या वर, भिंतीतल्या दोन खिळ्यांवर दादाची सायकल. वाकडं झालेलं पुढचं चाक त्याच महिन्यात कुणीतरी सरळ करून आणलं होतं. त्यानंतर ती भिंतीवरून उतरली नव्हती. त्या शुक्रवारी मात्र खिळे रिकामे होते आणि सायकल खुर्चीला टेकून उभी होती. "लेकीने उतरवली," वहिनी म्हणाली. "उद्घाटनाला ती याच सायकलवर बसणार म्हणे. दहा फेऱ्या. समोर तो पोस्टमन आहे ना, पोटऱ्या बघितल्यात त्याच्या? तो. मी म्हटलं, बाई गं, चाळीस वर्षांची झालीस. तर म्हणते, सायकल माझ्याहून मोठी आहे, ती सांभाळून घेईल." वहिनी हसली आणि विणकामाकडे वळली. ती सतत काहीतरी विणत असायची. "एक सांगू भावजी? खिळ्यांवर होती ना, तेव्हापासूनच बघतेय. झाडझूड सुरू झाली तिकडे, त्या दिवसापासून. रात्री उजवं पायडल वर असतं, सकाळी खाली असतं. आपोआप. वाऱ्याने होत असेल." खिडकी बंद होती. तिने विचारलं, "होत असेल ना हो?" आणि त्याच्याकडे पाहिलं. पाहिलं ते पाहतच राहिली. तो म्हणाला, "वाऱ्यानेच." मग गोळ्या डबीत भरल्या, चौदा, पुन्हा चौदा. खाली उतरताना जिन्यावर त्याच्या लक्षात आलं की एक गोष्ट आजवर आपल्या ध्यानात आली कशी नाही. मोजायला कच्चा, हे अख्ख्या जगाने म्हटलं होतं. त्याच्या आईनेसुद्धा रडता रडता म्हटलं होतं. वहिनी कधीच म्हणाली नव्हती.

उद्घाटनाला आठवडा असताना प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची कोठी उघडली आणि तिथे चौकट सापडली. पुतणीने ती दुकानापर्यंत ओढत आणली. ती इतकी आनंदली होती की गिऱ्हाइकं बाजूला सारून काउंटरवर पाट्या पसरल्या तिने. "दहाच्या दहा! एकही हरवली नाही. काका, तुम्हीच उलटायच्या हं त्या दिवशी. तुमच्याशिवाय आहे कोण?" पाट्या काळ्या, आकडे पांढरे, कडा गंजलेल्या. "पुढचे आकडे रंगवून घेते. मागच्या बाजू तशाच ठेवायच्या, जुनं ते दिसायला हवं," असं म्हणत ती एकेक पाटी उलटी करत होती. तिनाच्या पाटीशी तिचा हात थांबला. "हे काय असेल?" तिनाच्या पाटीच्या मागे, काळ्या पत्र्यावर, फिकट पांढऱ्या रंगात एक आकडा उमटला होता. दोन. पण उलटा, आरशात दिसतो तसा. कुठे कुठे रंग निघून आलेला, पण ओळखू येत होता. कंपाउंडरच्या कानात तो कापड फाडल्याचा आवाज इतका मोठा झाला की मालक काय म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही. "ओल असेल," तो म्हणाला. "कोठीत ओल फार." पुतणीने पाटीवरून बोट फिरवलं. "हो, असेल," ती म्हणाली, पण पाटी खाली ठेवताना इतर पाट्यांसारखी ठेवली नाही, जरा हळू ठेवली.

त्या दिवशी सकाळी, एकेचाळीस वर्षांपूर्वी, तो उजाडताच ट्रॅकवर गेला होता. दादाची मोठी शर्यत आणि पाट्यांवरचे आकडे विटलेले, हे त्याच्या मनाला लागलं होतं. त्याने पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश मागून आणला. दहापासून सुरुवात करायची सोडून उलट्या टोकाकडून, एकापासून केली. एक रंगवला, दोन रंगवला, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, डबाही संपत आला होता, मग बाकीचे तसेच राहिले. एकाला उन्हाची तिरीप मिळाली, तो वाळला. दोन सावलीत होता. त्याने सगळ्या पाट्या कड्यांत अडकवल्या आणि मोठं काम केल्यासारखा शिट्टी वाजवत घरी गेला. आठव्या फेरीअखेर त्याने तिनाची पाटी उचलली. तिच्या पाठीला चिकटून दोनाची पाटीही उठली. एक उघडा पडला. दादाने तो एक पाहिला, दात विचकले, आणि शेवटची फेरी म्हणून जे काही अंगात होतं ते सगळं काढलं. बत्तीस सेकंद. एका फेरीला बत्तीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो ओरडू शकला असता. पंचांकडे धावू शकला असता. आडवा जाऊन हात हलवू शकला असता. त्याने काय केलं? त्याने नखांनी त्या दोन पाट्या एकमेकींपासून सोडवल्या आणि नीट मागे टाकल्या. पुढे एक दिसत होता. आणि दादा रेषेवर येईल तेव्हा एकच तर दिसायला हवा होता. आता कुणाला कळणार नाही, हा विचार त्याच्या मनात आला होता. दादा पुन्हा पाटी बघेल, असंही वाटलं होतं. दादाने कशाला बघावं? त्याने पाहिलं होतं एकदा. घरचा माणूस होता पाटीवर.

उद्घाटनाची सकाळ ढगाळ होती. सगळे झेंडे आणि खुर्च्या लावण्यात गुंतलेले. कंपाउंडर कोठीत गेला. त्याच्या खिशात काळ्या रंगाची छोटी डबी होती आणि मनात एकच गोष्ट, की तिनाची पाटी आज चारशे माणसांसमोर उलटणार, तिची पाठ लोकांना दिसणार, आणि वहिनीला पहिल्या रांगेत, चौकटीच्या अगदी शेजारी खुर्ची दिली आहे. त्याने तिनाची पाटी गुडघ्यावर पालथी घेतली आणि त्या उलट्या दोनावरून काळा रंग फिरवला. एक हात, मग दुसरा. दोन नाहीसा झाला. त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्याने रंगाला फुंकर मारली, पाट्या कड्यांत ओवल्या, बोटं रॉकेलने पुसली. आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं नाही. एकेचाळीस वर्षं ज्या एका चुकीखेरीज त्याने दुसऱ्या कशाचा विचार केला नव्हता, तीच चूक त्याने हाताने पुन्हा केली आणि त्याला सुचलंसुद्धा नाही.

दुपारी भाषणं झाली, ती कुणी ऐकली नाहीत. वहिनी खुर्चीत बसली, तिने पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला. पुतणी बापाच्या सायकलवर बसली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. समोरच्या पट्ट्यावर पोस्टमन. शिट्टी वाजली. आणि आवाज सुरू झाला. खरा आवाज, दोन सायकलींचा, एकामागून एक, ट्रॅकभर. दहा. नऊ. आठ. कंपाउंडरचा हात आपला आपण काम करत होता, मधल्या एवढ्या वर्षांत त्याने दुसरं काही केलंच नसावं. सहाव्या फेरीपासून त्याला जाणवलं की आवाज दोनच सायकलींचा नाही. पोस्टमन समोर असताना, पुतणी लांबच्या वळणात असताना, त्याच्या पुढ्यातून काहीतरी सर्रकन जात होतं. चेहऱ्यावर वारा लागत होता, कोटाची कड उडत होती. वहिनीच्या मांडीवरची लोकरही उडाली, तिने ती तळव्याने दाबून धरली. ती घाबरलेली दिसत नव्हती. चार. तीन. पुतणी वळणातून बाहेर पडली, त्याने तिनाची पाटी उचलली, आणि ती जड लागली.

एक उघडा पडला होता. पुतणीने तो पाहिला, दात विचकले, अगदी तसेच, आणि मान खाली घालून गेली. हातातल्या दोन पाट्या एकमेकींना चिकटून होत्या. बत्तीस सेकंद. त्याची नखं आपोआप पाट्यांच्या फटीत गेली. तो वहिनीकडे वळला, का ते त्याला माहीत नव्हतं. वहिनी ट्रॅककडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या हातात लोकरीचा एक लांब धागा होता आणि त्या धाग्याला गाठी मारलेल्या होत्या. त्याने मोजल्या. आठ. तिने पाटीवरच्या एकाकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. नुसती वाट बघत राहिली, आणि त्याला कळलं की ती पहिल्यांदा वाट बघत नाहीये.

तो धावला. साठ वर्षांचा माणूस, पांढरा कोट घातलेला, दोन्ही पाट्या छातीशी धरून मैदानातल्या गवतावरून आडवा धावला. पडला, उठला, एक चप्पल तिथेच राहिली. लोक हसले. समोरच्या पट्ट्याशी पोहोचला तेव्हा पुतणी वळणातून सुटून येत होती. त्याने पाट्या ओढून वेगळ्या केल्या, दोनाची डोक्यावर धरली आणि ओरडला, "थांबायचं नाही! रेषेनंतर अजून एक आहे! पाटी चुकली! माझी चूक आहे, माझी!" ती शेजारून गेली. तिने मान हलवली की त्याला भास झाला, ठाऊक नाही, पण तिचे खांदे जरा सैल झाले, तिने दम राखला. लोक हसायचे थांबले होते. कंपाउंडर मात्र थांबू शकला नाही. "तेव्हाही माझीच होती," तो ओरडत होता, रिकाम्या पट्ट्याकडे तोंड करून. "तेव्हाही पाट्या चिकटल्या होत्या! तो चुकला नव्हता! ऐकता का, तो मोजायला चुकला नव्हता!"

पुतणीने दहा फेऱ्या पुऱ्या केल्या. पोस्टमन चार हातांच्या फरकाने जिंकला, आणि कुणी त्याच्याकडे फिरकलं नाही, बिचारा. ती हळूहळू वेग कमी करत आली, कठड्याला धरून थांबली. धाप लागलेली, तोंड लाल. काका चौकटीपाशी परत आला होता. एका पायात चप्पल नव्हती. "बाबा चुकले नव्हते?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. "नाही." ती आणखी काही विचारणार होती, पण तिने हँडलवर कपाळ टेकलं आणि तशीच राहिली. वहिनीने पिशवीत हात घातला. तिने एक जुना धागा काढला, पिवळा पडलेला, बारीक. त्यालाही गाठी होत्या. "हिचं टोपडं विणत होते त्या दिवशी," वहिनी म्हणाली. "प्रत्येक फेरीला एक गाठ मारायचे, गंमत म्हणून. आठ झाल्या आणि तुमच्या पाटीवर एक आला."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीत, वहिनी?"

"तुम्ही एकोणीस वर्षांचे होतात. आणि सासूबाईंना एकच मुलगा उरला होता." तिचा आवाज बदलला. "त्या गेल्या, तेव्हा म्हटलं, आता सांगतील. हिचं लग्न झालं, तेव्हा म्हटलं, आता. दर शुक्रवारी यायचात, गोळ्या मोजायचात, चहा प्यायचात. खूप राग यायचा हो मला. दार लावून घेऊन रडायचे. मी पोरीला का सांगितलं नाही, तेही मला माहीत नाही. वाटायचं, हे तुमच्या तोंडून यायला हवं. त्यांनी तुमच्या पाटीवर विश्वास टाकला होता." कंपाउंडर सवयीने चौकटीकडे वळला आणि शेवटची पाटी, एकाची, काढायला त्याने हात उचलला. शर्यत संपली की चौकट मोकळी करायची असते.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "अजून नाही."

तिघंही तशीच राहिली. लोक पांगत होते, कुणीतरी खुर्च्या उचलायला लागलं होतं. पुतणीने कपाळ वर केलं. ट्रॅक समोर रिकामा होता. मग रेषेपासून तो आवाज निघाला, नवं कापड फाडावं तसा, चढ वळणात शिरला, वर चढला, एकसष्ट मीटरवर गेला आणि तिथे थांबला नाही. पुढे गेला. समोरच्या पट्ट्यावरचे झेंडे एकामागून एक हलले. लांबच्या वळणात पानं उरली नव्हती, पण धूळ उठली. पुतणीच्या हातातल्या सायकलची पायडलं तिच्या पायांशी सावकाश फिरू लागली आणि तिने ती अडवली नाहीत. आवाज वळणातून सुटला, जवळ आला, मोठा झाला, तिघांच्या तोंडावर वारा मारून रेषेवरून गेला आणि विरला. वहिनीने मांडीवरच्या जुन्या धाग्याला नऊ गाठींपुढे दहावी गाठ मारली आणि ती दातांनी घट्ट ओढली.

"आता काढा, भावजी," ती म्हणाली. त्याने पाटी काढली.